अमेरिकेत शहराशहराच्या क्रीडावाहिन्या कशा उभ्या राहिल्या, का बुडाल्या, आणि आपल्याकडे तशी वाहिनी का झाली नाही?

आपण विचारले आहे की, अमेरिकेत जवळपास प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची क्रीडावाहिनी असे ती पद्धत कशी सुरू झाली, गेल्या काही वर्षांत ती का मोडली, आणि क्रिकेटवर जीव टाकणाऱ्या आपल्या देशात इंदूर, नागपूर, बडोदा अशा एखाद्या शहराची तशी वाहिनी कधीच का निघाली नाही. मी इंदुरात रामबागेत १९९२ पासून एकवीस वर्षे केबलचा व्यवसाय केला आणि २०२३ च्या उन्हाळ्यात मुलीकडे सॅन दिएगोला राहत असताना अशाच एका वाहिनीचा शेवट जवळून पाहिला. त्यामुळे हे उत्तर केबलवाल्याच्या नजरेतून आलेले आहे. या विषयात खेळाइतकाच दरमहा घरोघर होणाऱ्या वसुलीचा संबंध आहे, आणि वसुलीचे गणित समजले की बाकीचे आपोआप उलगडते.

प्रथम मूळ व्यवस्था सांगतो. बेसबॉलचा एक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. बास्केटबॉल आणि आइस हॉकीचे संघ प्रत्येकी ८० हून अधिक खेळतात. यांतले मोजके सामने लीग एकत्रितपणे देशभरच्या वाहिन्यांना विकते, पण उरलेल्या बहुसंख्य सामन्यांचे हक्क त्या त्या संघाकडे राहत आले आणि संघाने ते आपल्या ठरलेल्या मुलखापुरते विकले. उन्हाळ्यात बेसबॉल आणि हिवाळ्यात बास्केटबॉल किंवा हॉकी, असे दोन-तीन संघ हाताशी असले की एका वाहिनीच्या वर्षभराच्या संध्याकाळी भरून निघतात. आपल्या शहराचा संघ, आपल्याच शहराचे समालोचक आणि वर्षाला दीडशे संध्याकाळी तीच ओळखीची माणसे, अशी ही घरगुती गोष्ट होती.

तिची सुरुवात साधारणपणे १५ ऑक्टोबर १९६९ पासून धरतात. त्या दिवशी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधला हॉकीचा सामना मॅनहॅटनमधल्या केबलग्राहकांना घरबसल्या दिसला. ती केबल चार्ल्स डोलन यांनी मॅनहॅटनच्या रस्त्यांखालून टाकलेली होती, आणि पुढे याच डोलन यांनी १९७२ मध्ये एचबीओ सुरू केली तेव्हा पहिल्या रात्रीच्या कार्यक्रमातसुद्धा गार्डनमधला हॉकीचा सामना होता. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फिलाडेल्फियात प्रिझम आणि न्यू यॉर्कमध्ये स्पोर्ट्सचॅनल निघाले. या काळातल्या अशा काही वाहिन्यांसाठी ग्राहकाला वेगळे पैसे मोजावे लागत, म्हणजे ज्याला खेळ हवा त्याने वेगळे कनेक्शन घ्यावे असा सरळ व्यवहार होता.

तो व्यवहार बदलण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या बिल डॅनियल्स यांच्याविषयी मला फार आत्मीयता वाटते, कारण ते आमच्याच धंद्यातले होते. १९५२ मध्ये डेन्व्हरच्या एका मद्यगृहात त्यांनी दूरचित्रवाणीवर मुष्टियुद्ध पाहिले आणि वायोमिंगमधल्या कॅस्पर या गावात, जिथे एकही केंद्र दिसत नव्हते तिथे, डेन्व्हरचा सिग्नल मायक्रोवेव्हने आणून केबल टाकली. पुढे त्यांचा यूटा स्टार्स नावाचा बास्केटबॉल संघ १९७५ मध्ये भर हंगामात बंद पडला, तेव्हा हंगामाची तिकिटे घेतलेल्या लोकांचे पैसे बुडाले. पाच वर्षांनी हातात पैसा येताच डॅनियल्स यांनी ते सगळे पैसे व्याजासकट परत केले. १९८५ मध्ये लेकर्स या बास्केटबॉल संघाचे मालक जेरी बस यांच्या भागीदारीत त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये प्राइम टिकट ही वाहिनी काढली. तिचे वैशिष्ट्य असे की, ती वेगळे पैसे देणाऱ्यांपुरती न ठेवता प्रत्येक केबलग्राहकाच्या मूळ पॅकमध्येच घातली गेली. केबलवाल्याने घरामागे थोडे सेंट वाहिनीला द्यायचे आणि तेवढे बिलात वाढवायचे. ज्या घरात सामना लागत होता तेही ते पैसे देत होते आणि ज्या घरात फक्त मालिका लागत होत्या तेही देत होते. पुढच्या तीस वर्षांचा सगळा डोलारा याच एका निर्णयावर उभा राहिला, आणि कोसळला तोही त्याच्यामुळेच.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९९१ मध्ये हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला तेव्हा एशियासॅट-१ उपग्रहावरून ज्या पाच वाहिन्या येत, त्यांत बीबीसी, एमटीव्ही, स्टार प्लस आणि एका चिनी वाहिनीबरोबर प्राइम स्पोर्ट्स होती. ती प्राइम टिकटपासून वाढलेल्या, डेन्व्हरहून चालणाऱ्या प्राइम जाळ्याशी भागीदारी करून काढलेली होती. रामबागेत आमच्या गच्चीवर मी पहिली बारा फुटी डिश बसवली तेव्हा मला त्याचा पत्ता नव्हता. खालच्या खोलीत रिसीव्हर आणि मॉड्युलेटर लाकडी फळीवर मांडलेले असत, उन्हाळ्यात त्यांच्यावर टेबलफॅन सोडावा लागे, आणि बास्केटबॉल लागला की शेजारची मुले खिडकीच्या गजांना धरून उभी राहत. कॅस्परच्या केबलवाल्याने लावलेल्या रोपाची एक फांदी इंदुरात येऊन पोहोचली होती, हे मला तीस वर्षांनी कळले. तीच प्राइम स्पोर्ट्स पुढे स्टार स्पोर्ट्स झाली.

अमेरिकेतल्या प्राइम वाहिन्याही शेवटी त्याच घरात, म्हणजे स्टार आणि फॉक्स या दोन्हींचे मालक असलेल्या रूपर्ट मर्डॉक यांच्याकडे गेल्या. १ नोव्हेंबर १९९६ रोजी त्या फॉक्स स्पोर्ट्स नेट या नावाखाली एकत्र आल्या आणि लवकरच स्पोर्ट्सचॅनलच्या वाहिन्याही त्यांना जोडल्या गेल्या. नव्या शतकात संघमालकांच्या लक्षात आले की, नफा वाहिनीत असेल तर वाहिनीच आपली असावी. बोस्टनच्या संघांनी १९८४ मध्येच नेसन काढली होती. न्यू यॉर्क यांकीजनी २००२ मध्ये येस ही वाहिनी काढली. हक्कांच्या रकमा चढत गेल्या. लॉस एंजेलिस डॉजर्सचा २०१४ पासूनचा करार २५ वर्षांसाठी ८.३५ अब्ज डॉलरचा होता. ती रक्कम भरून काढण्यासाठी वाहिनीने केबल आणि उपग्रह कंपन्यांकडे घरामागे जो दर मागितला तो कित्येकांनी नाकारला, आणि परिणामी लॉस एंजेलिसमधल्या लाखो घरांना आपल्याच गावचा संघ २०२० पर्यंत घरी दिसला नाही. धोक्याची घंटा खरे तर तेव्हाच वाजली होती. त्याच सुमारास ह्यूस्टनची अशीच एक वाहिनी सुरू झाल्यावर वर्षभरातच दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली होती.

आता सॅन दिएगोविषयी, कारण तिथला इतिहास एका शहरापुरता असल्यामुळे स्पष्ट दिसतो. १९९७ पासून पाद्रेस या बेसबॉल संघाचे सामने तिथल्या केबल कंपनीच्या स्वतःच्या चॅनल ४ वर दिसत. हे चित्र जमिनीवरच्या तारेने जात असे, उपग्रहावरून जात नसे, आणि अमेरिकी नियमांप्रमाणे वाहिनी प्रतिस्पर्ध्यांना देण्याची सक्ती फक्त उपग्रहावरून येणाऱ्या वाहिन्यांना लागू होती. साहजिकच डिशवाल्या ग्राहकांना पाद्रेस दिसत नसत. ही पळवाट २०१० मध्ये बंद झाली. २०१२ मध्ये फॉक्स स्पोर्ट्स सॅन दिएगो ही नवी वाहिनी निघाली. तिच्यात संघाचाही हिस्सा होता. तरीही शहराच्या एका भागातल्या केबल कंपनीशी दर न जमल्यामुळे त्या घरांना पहिले दोन हंगाम सामन्यांविना काढावे लागले. २०१९ मध्ये डिस्नीने फॉक्सचा बहुतांश व्यवसाय विकत घेतला, तेव्हा अमेरिकेच्या न्याय खात्याने अट घातली की, ईएसपीएन आधीच डिस्नीची असल्यामुळे फॉक्सच्या २२ प्रादेशिक क्रीडावाहिन्या विकून टाकाव्यात. येस वेगळी विकली गेली आणि उरलेल्या २१ सिंक्लेअर या कंपनीने सुमारे १० अब्ज डॉलरला घेतल्या, त्याही बहुतांशी कर्ज काढून. ज्या व्यवहाराने या वाहिन्या घराबाहेर पडल्या त्याच व्यवहाराने आपली स्टार इंडिया, स्टार स्पोर्ट्ससकट, डिस्नीकडे आली. डेन्व्हरच्या एकाच कुळातल्या दोन शाखांची अशी ताटातूट झाली.

२०२१ मध्ये या वाहिन्यांना बॅली स्पोर्ट्स हे नाव मिळाले. पण तोवर लोक केबल सोडून इंटरनेटवर जाऊ लागले होते, आणि आधी गेले ते नेमके खेळ न पाहणारे, कारण त्यांना केबलमध्ये अडकून राहण्याचे कारणच उरले नव्हते. मी गेलो तेव्हा मुलीच्या घरी अजून केबल होती. महिन्याचे बिल फ्रिजवर चुंबकाने लावलेले असे आणि त्यात इंटरनेट, वाहिन्यांचा पॅक, बॉक्सचे भाडे यांच्याखाली ‘प्रादेशिक क्रीडा शुल्क’ अशी वेगळी ओळ होती. मुलगी आणि जावई दोघेही बेसबॉल पाहत नाहीत. मी विचारले तेव्हा जावई म्हणाले, ‘बाबा, ही ओळ काढून देत नाहीत, पूर्ण केबलच काढावी लागते.’ मी त्या ओळीकडे बराच वेळ पाहत राहिलो. इंदुरात पावतीपुस्तक घेऊन फिरताना, फक्त सकाळचे भजन लावणाऱ्या एका आजींकडून मी क्रिकेटच्या वाहिनीचे पैसे वर्षानुवर्षे घेतले होते, आणि त्या पावतीवर अशी ओळसुद्धा नव्हती.

वाहिन्या चालवणाऱ्या डायमंड स्पोर्ट्स या सिंक्लेअरच्या उपकंपनीने १४ मार्च २०२३ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. डोक्यावर आठ अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते. मे महिन्यात तिने पाद्रेसचा हप्ता भरला नाही, सवलतीची मुदत संपली, आणि ३१ मे रोजी मेजर लीग बेसबॉलने प्रक्षेपण स्वतःच्या हाती घेतले. त्या दिवशी सामना मायामीत होता. समालोचक तेच, चित्रही तसेच. बदलला तो फक्त वाहिनीचा क्रमांक. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ तो क्रमांक सापडत नाही म्हणून रिमोट घेऊन आमच्याकडे आले, आणि तो शोधून देताना मला अगदी आमच्या गल्लीत असल्यासारखे वाटले. केबल नसलेल्यांना तेच सामने इंटरनेटवर महिन्याला १९.९९ डॉलर भरून मिळू लागले, आणि संघाच्या स्वतःच्या मुलखात इंटरनेटवर सामने न दाखवण्याची जुनी बंदीही उठली. ज्याला पाहायचे त्याने पैसे द्यावेत, इथपर्यंत गाडी पन्नास वर्षांनी परत आली होती. पण ज्या संघाला एका वाहिनीकडून वर्षाला सुमारे सहा कोटी डॉलर मिळत असल्याच्या बातम्या होत्या, त्याला पाहणाऱ्यांच्या वर्गणीतून तेवढे मिळणे शक्य नव्हते. त्या डिसेंबरात पाद्रेसनी हुआन सोतो हा त्यांचा महागडा फलंदाज न्यू यॉर्कला देऊन टाकला. खर्च कमी करण्याच्या गरजेचा त्यात वाटा होता, हे तिथल्या वृत्तपत्रांनी उघड लिहिले. फीनिक्सच्या बास्केटबॉल संघाने तर त्याच वर्षी सामने अँटेनावर फुकट दाखवायला सुरुवात केली. उरलेल्या वाहिन्यांचे नाव २०२४ मध्ये पुन्हा बदलले.

आपल्याकडे हे का झाले नाही, याचे पहिले कारण म्हणजे हक्क कोणाचे हा प्रश्न. १९९३ मध्ये बंगाल क्रिकेट संघटनेने आपल्या हीरकमहोत्सवाच्या हीरो चषक स्पर्धेचे हक्क एका परदेशी कंपनीला दिले. दूरदर्शनचा विरोध, जप्त झालेली उपकरणे, न्यायालये असे सगळे होऊन ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रक्षेपणासाठीच्या रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, तो लढा एका प्रादेशिक संघटनेने दिला होता. पण त्यानंतर जो बाजार उघडला तो प्रादेशिक संघटनांच्या हाती राहिला नाही. हक्क विकले ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने, तेही संपूर्ण देशासाठी एकगठ्ठा. आयपीएलचेही तसेच आहे. २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, पण कोणत्याही संघाकडे आपल्या गावापुरता विकायला एकही सामना नाही. वर्षाला ८१ घरचे सामने खेळणारा गावचा संघ असल्याशिवाय गावची वाहिनी होत नाही.

याचा अनुभव मला २५ डिसेंबर १९९७ ला आला. आमच्या नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका सामना होता आणि खेळपट्टी इतकी धोकादायक निघाली की, तीन षटकांनंतर तो सोडून द्यावा लागला. रामबागेपासून सायकलने वीस मिनिटांवर असलेल्या मैदानाचे चित्र छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून माझ्या डिशवर येत होते. खेळ थांबल्यावर घरचा फोन सतत वाजू लागला, कारण पडद्यावर नुसते रिकामे मैदान दिसत असल्यामुळे लोकांना वाटले की केबल बिघडली. काय झाले आहे ते मलाही त्या पडद्यापलीकडे माहीत नव्हते.

दुसरे कारण वसुलीचे. बॉक्स येण्यापूर्वी कोणाकडे किती घरे आहेत हे केबलवाल्याखेरीज कोणाला कळत नसे. पे-चॅनलचे वितरक येऊन कनेक्शनच्या आकड्यावर घासाघीस करत, आणि आम्ही खरा आकडा क्वचितच सांगत असू. एकदा एका क्रीडावाहिनीच्या वितरकाने मालिका सुरू होण्याच्या आदल्या रात्री आमचा डिकोडर बंद केला. त्याने मागितलेल्या वाढीव आकड्यावर सही केल्यावर सकाळी चित्र आले. अशा व्यवस्थेत घरामागे दर लावून एका शहराची वाहिनी पोसणे अशक्य होते. ३१ मार्च २०१३ ही मुदत धरून इंदुरात डिजिटल बॉक्स लागले, आणि त्याच वर्षी मी जाळे मोठ्या कंपनीला देऊन टाकले. २०१९ च्या सुरुवातीला दूरसंचार नियामकाच्या आदेशाने प्रत्येक वाहिनीचा सुटा दर जाहीर करणे भाग पडले. स्टार स्पोर्ट्स १ चा दर महिन्याला १९ रुपये होता. पॅकमध्ये मालिकांच्या गळ्यात खेळ बांधण्याची युक्ती पुढेही चाललीच, पण नको असलेली वाहिनी काढून टाकण्याचा हक्क आपल्या ग्राहकाला मिळाला. सॅन दिएगोच्या त्या बिलावर तो नव्हता. शिवाय २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यावेच लागतात, म्हणजे सगळ्यांत जास्त मागणीचा माल इथे दूरदर्शनवर फुकटही मिळतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडे प्रदेश म्हणजे भाषा. स्टार स्पोर्ट्सने २०१७ मध्ये तमिळ वाहिनी काढली, पाठोपाठ तेलुगू आणि कन्नड आल्या, आणि २०२३ मध्ये जिओसिनेमावर आयपीएल बारा भाषांत आले तेव्हा त्यांत मराठी होती. सामना सगळ्यांना एकच, बदलतो तो आवाज. अमेरिकेतल्या वाहिनीला हद्द होती. बोस्टनचा माणूस सॅन दिएगोत राहायला गेला की त्याची वाहिनी मागे राहत असे. आम्ही पिढ्यानपिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी मराठी माणसे. इंदुरात बाजारात हिंदी, घरात मराठी. पण क्रिकेट मात्र आम्ही आयुष्यभर हिंदीत किंवा इंग्रजीत ऐकले. त्या वर्षी माझ्या ऐंशी वर्षांच्या थोरल्या बहिणीने फोनवर पहिल्यांदा सामना मराठीत लावला आणि शेवटपर्यंत पाहिला. मैदान कोणत्या गावचे आहे, हे तिने विचारलेही नाही.

गावचा खेळ गावाला दाखवणारी वाहिनी आम्ही मात्र काही काळ चालवली होती. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाक्यांची, म्हणजे चित्ररथांची, मिरवणूक स्थानिक चॅनलवर दाखवण्याची इंदुरात रीतच होती. त्याच कॅमेऱ्यावर आम्ही हिवाळ्यात टेनिसबॉलच्या रात्रीच्या स्पर्धा दाखवू लागलो. एक व्हीएचएस कॅमेरा साइटस्क्रीनच्या बाजूला मचाणावर, धावफलक पुठ्ठ्याचा, आणि समालोचनाला शाळेतले एक निवृत्त गुरुजी, जे प्रत्येक फलंदाजाच्या आजोबांपर्यंतची माहिती सांगत. साडेसहाशे घरे होती. अंतिम सामन्याच्या रात्री एखादे घर अंधारात दिसले तर लाइन तुटली असे समजून आम्ही माणूस पाठवत असू. त्या वाहिनीचे वेगळे पैसे आम्ही कधी घेतले नाहीत. ते महिन्याच्या वर्गणीतच होते, म्हणजे न पाहणाऱ्यांनी दिलेले पैसे तिथेही होतेच. जाळे गेले तेव्हा ती वाहिनीही गेली.

आज इंदुरात अशी वाहिनी काढता येईल का, हे आपण शेवटी विचारले आहे. तंत्राचा अडथळा उरलेला नाही. दोन फोन आणि इंटरनेट पुरते. अडचण मालाची आहे. जून २०२२ मध्ये चंद्रकांत पंडित यांच्या मार्गदर्शनाखाली मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि आमच्या रजत पाटीदारने त्या सामन्यात शतक केले, तेव्हा ते सगळे राष्ट्रीय वाहिनीवर दिसले, कारण देशांतर्गत सामनेही मंडळाच्या गठ्ठ्यातच जातात. उरतात त्या विभागांच्या स्पर्धा, क्लबांचे सामने, शाळांचे खो-खो आणि कबड्डी, आणि २०२४ मध्ये ग्वाल्हेरला सुरू झालेली राज्याची टी-ट्वेंटी लीग. यांपैकी जे मिळेल ते रोज, ठरलेल्या वेळी, मैदानाची आणि खेळाडूंची नीट माहिती असलेल्या समालोचकासह दाखवले, तर माझ्या जुन्या गल्ल्यांचा अंदाज धरून शंभरातली पाच घरे खुशीने पैसे देतील असे मला वाटते. खर्च त्या पाच घरांत बसेल एवढीच वाहिनी काढावी. उरलेल्या पंचाण्णवांच्या वर्गणीचा हिशेब धरून कर्ज काढू नये.